नकलेपासून संहितेपर्यंत : अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि नियामक मंडळाचे सर्व सदस्य,
अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद, मुंबई

विषय : रंगभूमीवरून लेखनाकडे वळलेल्या स्त्रियांची नाटके आणि पदे यांची नोंद, संपादन व श्रेय यांबाबत.

सप्रेम नमस्कार.

१९०५ साली दादासाहेब खापर्डे यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेली नाट्यसंमेलनांची परंपरा जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडला शंभराव्या संमेलनापर्यंत पोहोचली. एवढा दीर्घ प्रवास केलेल्या संस्थेने स्वतःच्या दप्तराकडे एकदा नव्याने पाहावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती एका विशिष्ट प्रकारच्या कारकिर्दीपुरती आहे. नाटकात काम करणारी किंवा गाणारी स्त्री पुढे स्वतः नाटक लिहू लागते, पदे रचू लागते, त्यांना चाली लावू लागते, तेव्हा तिच्या आयुष्याच्या या दुसऱ्या भागाची नोंद आपण कशी ठेवतो, एवढाच माझा प्रश्न आहे. संगीत नाटकाचा एक वाचक आणि श्रोता म्हणून मला असे दिसते की ती नोंद आपण फार तोकडी ठेवतो. भूमिकांची यादी सविस्तर असते, गाजलेल्या पदांच्या आठवणी असतात, वन्समोरच्या कथा असतात. आणि परिच्छेदाच्या शेवटी ‘त्यांनी नाट्यलेखनही केले’ असे एक वाक्य येते. त्या वाक्यातल्या ‘ही’ने अनेक वर्षांचे काम उरकलेले असते.

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यापासून सुरुवात करतो. १९१४ साली गोव्यात बांदिवडे येथे जन्मलेल्या या गायिकेचे नाव १ जुलै १९३३ या दिवसाशी कायमचे जोडले गेले आहे. त्या दिवशी मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी केलेल्या या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, आणि पद्मावतीबाई वर्तक व ज्योत्स्नाबाई यांच्यामुळे घरंदाज स्त्रीने रंगमंचावर यावे की नाही, हा वाद निदान प्रयोगापुरता तरी निकालात निघाला. संगीत केशवराव भोळे यांचे होते. रात्र रात्र चालणाऱ्या आणि पदांनी गच्च भरलेल्या जुन्या संगीत नाटकाच्या तुलनेत येथे पदे मोजकीच होती, आणि प्रसंगाला थांबवून गाण्याऐवजी प्रसंगातून गाणे निघावे, असा प्रयत्न होता. विशीही न ओलांडलेल्या नटीला यातून काय शिकायला मिळाले असेल, याचा विचार आपण फारसा करत नाही. तिच्यापाशी आवाज होता. पण कोठे गायचे नाही, हे तिला या नाटकाने शिकवले.

नंतर १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’चे ‘कुलवधू’ आले. मास्टर कृष्णरावांचे संगीत, रांगणेकरांची पदे आणि ज्योत्स्नाबाईंची भानुमती हे त्रिकूट मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. मात्र त्यातल्या एका ओळीकडे गाणाऱ्याच्या बाजूने पाहावे, असे सुचवतो. ‘क्षण आला भाग्याचा’ ही ओळ म्हणून पाहा. ‘आला’ आणि ‘भाग्याचा’ या दोन शब्दांत आकाराला किती मोकळी जागा आहे, आणि ओळ संपतानाही गळा बंद न होता उघडाच राहतो, हे कागदावर वाचताना लक्षात येत नाही. गाताना ताबडतोब येते. तेच ओळीच्या शेवटी एखादे जोडाक्षर किंवा मिटलेल्या ओठांचे अक्षर आले असते, तर गायिकेला ती जागा ओलांडण्यासाठी युक्ती करावी लागली असती. प्रयोगामागून प्रयोग अशा ओळी गाणारी नटी शब्दांची ही बाजू एखाद्या कवीपेक्षा अधिक जवळून ओळखते. कोणत्या शब्दावर श्वास संपतो, कोणत्या शब्दानंतर पेटीवाला स्वर भरू शकतो, टाळी पडली तर पुढचे वाक्य कोठून उचलायचे, हे सगळे तिच्या अंगवळणी पडलेले असते. ही तिची लेखनाची शाळा होती, असे माझे मत आहे.

याच ज्योत्स्नाबाईंनी पुढे ‘आराधना’ हे संगीत नाटक लिहिले आणि त्याला संगीतही दिले. पुण्यात हिराबागेजवळ त्यांच्या नावाचे सभागृह आहे. तेथे आजही नाटके होतात, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्या सभागृहात येणाऱ्या तरुण रंगकर्मींना विचारावे की ज्योत्स्नाबाईंनी एक नाटक लिहिले होते, ते तुम्ही वाचले आहे काय. उत्तराचा अंदाज परिषदेलाही असेल. गायिका म्हणून त्यांचा गौरव झाला, अभिनेत्री म्हणून झाला. लेखिका आणि संगीतकार म्हणून त्यांच्याकडे निदान टीका करण्याइतके तरी लक्ष जावे, असे मला वाटते. ‘आराधना’ श्रेष्ठ नाटक आहे, असा माझा दावा नाही. ते कसे आहे हे ठरवण्यासाठी ते वाचायला आणि ऐकायला मिळाले पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

येथे जुन्या नाटक कंपन्यांतल्या एका पद्धतीची आठवण करून देणे भाग आहे. नटाला पूर्ण नाटक हातात मिळत नसे; त्याच्या भूमिकेची ‘नक्कल’ उतरवून मिळे. त्या वहीत त्याची स्वतःची भाषणे आणि त्यांच्या आधी समोरच्या पात्राच्या वाक्यातले शेवटचे दोन-चार शब्द, एवढेच असत. बाकीचे नाटक त्याने तालमीत ऐकून जोडून घ्यायचे. संबंध संहिता मालकाच्या पेटीत कुलपात राही, कारण ती बाहेर गेली तर दुसरी कंपनी नाटक उचलील ही भीती खरी होती. लिहिणे आणि म्हणणे यांच्यातले अंतर या पद्धतीने अक्षरशः वह्यांमध्येच आखून ठेवले होते. म्हणून ज्या कोणी या परंपरेत वाढून नकलेवरून संहितेकडे गेल्या, त्यांनी हे अंतर स्वतःच्या हिमतीने तोडले. दुसऱ्याने उतरवून दिलेला आपला भाग म्हणण्याऐवजी सगळ्यांचे भाग आपण लिहायचे, त्यात पुरुषांची भाषणेही आपणच लिहायची, आणि तालमीत मास्तरांच्या जागी बसायचे, हा बदल आजच्या एकपात्री आणि प्रायोगिक रंगभूमीच्या काळात सोपा वाटतो. तसा तो तेव्हा नव्हता.

दुसरे नाव हिराबाई पेडणेकरांचे. त्या नटी नव्हत्या, गायिका होत्या. तरीही या पत्रात त्यांचे नाव टाळता येत नाही, कारण आपल्या नोंदींतले सगळे दोष त्यांच्या बाबतीत एकत्र सापडतात. १८८५ मध्ये सावंतवाडीला जन्मलेल्या, नायकिणीच्या घरातल्या आणि मुंबईत गिरगावात वाढलेल्या या बाईंनी १९०४ साली, म्हणजे जेमतेम एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास, ‘जयद्रथ विडंबन’ हे नाटक लिहिले. १९१२ साली त्यांचे ‘संगीत दामिनी’ केशवराव भोसले यांच्या ‘ललितकलादर्श’ने रंगभूमीवर आणले. त्यांच्या आधीही काही स्त्रियांची नाटके छापली गेली होती, त्यामुळे ‘पहिली स्त्री नाटककार’ या बिरुदावर अधूनमधून वाद होत असतो. माझ्या मते तो वाद कंटाळवाणा आहे. नावाजलेल्या व्यावसायिक मंडळीने, धंद्याचे गणित मांडून, एका स्त्रीचे संगीत नाटक उभे केले, ही १९१२ मधली घटना ‘पहिली’ हा शब्द न वापरताही पुरेशी मोठी आहे. शिवाय त्या वेळी ‘ललितकलादर्श’ ही पुरुषांची कंपनी होती. स्त्रीने लिहिलेली नायिका रंगमंचावर उभी राहिली ती लुगडे नेसलेल्या पुरुष नटाच्या रूपाने. लेखिकेला लिहिण्याची मुभा मिळाली, पण दुसऱ्या कोणा स्त्रीला त्या रंगमंचावर पाऊल ठेवण्याची मिळाली नाही. हा विरोधाभास आपल्या नाट्येतिहासात ठळक अक्षरांत यायला हवा होता.

त्याऐवजी हिराबाईंविषयी आपण काय वाचतो? त्यांच्या बैठकीला कोणकोण नामवंत येत असत, कोणाचा त्यांच्यावर कसा जीव होता, कोण त्यांना गुरुस्थानी होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे नाव येते, गडकऱ्यांचे येते, आणि बाईंचे दालन या थोर पुरुषांच्या चरित्रातले एक प्रकरण होऊन बसते. वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावरून ‘कस्तुरीमृग’ हे नाटक लिहिले, आणि आजचा प्रेक्षक हिराबाईंना ओळखत असेलच तर बहुधा त्या नाटकातले पात्र म्हणून ओळखतो. नाटककार स्त्री दुसऱ्याच्या नाटकातले पात्र म्हणून उरावी आणि तिची स्वतःची पात्रे कोणाला आठवू नयेत, यात कानेटकरांचा दोष काहीच नाही. त्यांनी त्यांचे काम केले. ज्यांनी ‘दामिनी’ची संहिता पुन्हा लोकांसमोर ठेवायला हवी होती, त्यांनी मात्र आपले काम केले नाही, असे मला नम्रपणे पण स्पष्टपणे म्हणायचे आहे.

कोल्हटकरांचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांच्या प्रभावाची चर्चा कोणत्या अंगाने व्हायला हवी, हेही सांगतो. ‘वीरतनय’पासून कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीच्या चाली मराठीत आणल्या, कीर्तन, लावणी, साकी-दिंडी यांच्यावर पोसलेल्या श्रोत्यांना तो मोठा बदल होता. आता, कोल्हटकर स्वतः बैठकीचे गायक नव्हते. हिराबाई होत्या. गाण्याची तालीम घेतलेल्या शिष्येने अशा गुरूचे वळण उचलले, तेव्हा पदांच्या रचनेत काय बदलले? चालीसाठी शब्द वाकवले गेले की शब्दासाठी चाल? हा प्रश्न कोणा विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घ्यावा इतका सकस आहे, आणि त्याचे उत्तर बैठकीला कोण येत असे या माहितीत सापडणार नाही. ते ‘दामिनी’च्या पदांत सापडेल, आणि फक्त तेथेच सापडेल.

परिषदेच्या स्वतःच्या इतिहासाकडेही पाहावे लागेल. १९२८ साली परिषदेने गिरिजाबाई केळकर यांना संमेलनाचे अध्यक्षपद दिले. खाडिलकरांच्या ‘बायकांचे बंड’ला ‘पुरुषांचे बंड’ लिहून उत्तर देणाऱ्या या लेखिकेचा तो सन्मान त्या काळाच्या मानाने पुरोगामी होता आणि त्याबद्दल परिषदेचे आजही कौतुक व्हायला हवे. परंतु गिरिजाबाई संसारी, प्रतिष्ठित घरातल्या होत्या. त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या नव्हत्या. हिराबाई त्याच पिढीतल्या, गिरिजाबाईंच्या जवळपास बरोबरीच्या वयाच्या. त्या १९५१ पर्यंत हयात होत्या, आयुष्याचा उत्तरार्ध त्यांनी गुहागर तालुक्यातल्या पालशेत या गावी काढला, आणि संमेलनाध्यक्षांच्या यादीत त्यांचे नाव नाही. पुढच्या काळात दुर्गाबाई खोटे, फैयाज, कीर्ती शिलेदार अशा अभिनेत्री-गायिका अध्यक्ष झाल्या, त्या अर्थात भूमिका आणि गायन यांच्या बळावर. म्हणजे स्त्री लेखिका म्हणून आली तर ती रंगमंचापासून दूर असलेली बरी, आणि रंगमंचावरून आली तर तिने लेखनाचा हक्क सांगू नये, अशी काहीशी विभागणी आपल्या मनात असावी. कोणी ती जाणूनबुजून केली, असा आरोप मी करत नाही. सवयीने झाली असेल. पण सवय मोडायलाही ठराव लागतो.

आता मूळ मागणीकडे येतो. मला नवा पुरस्कार नको आहे. पुरस्कार झाला की नाव दिले जाते, तैलचित्र लागते, वर्षातून एकदा हार घातला जातो आणि संहिता तशीच राहते. मागणी आहे ती ग्रंथांची आणि त्यांच्याबरोबर आवाजाची.

जुने छापील संगीत नाटक ज्यांनी उघडून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की पदाच्या वर, कंसात किंवा बारीक टायपात, ‘चाल’ असे लिहून दुसऱ्याच एका गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. कधी ती लावणी असते, कधी एखादे कानडी किंवा हिंदुस्थानी पद, कधी आधीच्या नाटकातले लोकप्रिय पद. त्या काळच्या वाचकाला तेवढ्यावर सबंध चाल कळत असे. आज ज्या गाण्याकडे बोट दाखवले आहे तेच विसरले गेले असेल, तर खालचे पद मुके होते. वृत्त समजते, सूर समजत नाही. ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मानापमान’ यांची पदे पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली म्हणून वाचली. जी नाटके फार काळ चालली नाहीत, त्यांच्या पदांना असे नशीब लाभले नाही, आणि स्त्रियांनी लिहिलेली बहुतेक नाटके याच दुसऱ्या गटात मोडतात. त्यामुळे नुसते पुनर्मुद्रण करून भागणार नाही. चालीचा निर्देश पाहून मूळ गाणे शोधणारा, राग आणि ताल ठरवणारा, शक्य तेथे स्वरलेखन करणारा आणि अंदाज कोठे संपतो व पुरावा कोठे सुरू होतो हे टीपेत प्रामाणिकपणे लिहिणारा संपादक लागेल. अशी जाण असलेले ज्येष्ठ गायक-नट, ऑर्गनवादक आणि तबलजी अजून आपल्यात आहेत, पण त्यांची संख्या वाढणार नाही, घटतच जाणार आहे. हे काम दहा वर्षांनी हाती घेतले तर कागद तोच राहील, विचारायला माणूस राहणार नाही. परिषदेच्या शाखा गावोगावी आहेत; या मंडळींकडे ध्वनिमुद्रक घेऊन जाण्याची ताकद जेवढी परिषदेत आहे तेवढी एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागात नाही.

कायद्याची अडचण पुढे केली जाईल, म्हणून त्याबद्दलही दोन शब्द लिहितो. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतात. हिराबाई १९५१ मध्ये गेल्या. त्यांच्या लेखनावरील हक्क २०११ अखेर संपले. तेव्हापासून ‘दामिनी’ आणि ‘जयद्रथ विडंबन’ छापायला, महाजालावर ठेवायला, त्यांचे प्रयोग करायला कोणाचीही परवानगी लागत नाही. एवढी वर्षे दार उघडे आहे. ज्योत्स्नाबाई २००१ मध्ये गेल्या, म्हणून त्यांच्या लेखनाचे हक्क २०६१ अखेरपर्यंत वारसांकडे राहतील. तेथे रीतसर संमती घ्यावी लागेल आणि मोबदलाही द्यावा लागेल, आणि तो द्यायलाच हवा. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत थोडा गुंता आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षांनी संपतो, पण त्यावर गायलेल्या पदाच्या शब्दांचा आणि चालीचा हक्क ज्याच्या त्याच्या आयुष्याप्रमाणे स्वतंत्र चालू राहतो. हे कोडे सोडवायला एखादा जाणकार वकील पुरेसा आहे.

संहिता मिळवण्याचा आणखी एक मार्ग सरकारच्या दारातून जातो. महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करण्याआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर मंडळाकडे, सादर करून प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ही पद्धत अनेक दशकांची आहे. या मंडळाशी रंगकर्मींचे फार प्रेमाचे संबंध कधीच नव्हते, हे मला माहीत आहे, आणि परिनिरीक्षण असावे की नसावे हा या पत्राचा विषय नाही. पण ज्या कात्रीची आपण इतकी वर्षे तक्रार केली, तिच्याच टेबलावर आपली नाटके प्रती करून जमा होत गेली. त्यांतल्या कोणत्या प्रती आज सुस्थितीत आहेत, स्त्रियांनी लिहिलेल्या किती आहेत, त्यांची सूची उपलब्ध होईल काय, असे पत्र परिषदेने सांस्कृतिक कार्य विभागाला लिहावे. व्यक्ती म्हणून मी लिहिले तर पोचपावती येईल. परिषदेने लिहिले तर कदाचित उत्तर येईल.

श्रेयाचा प्रश्न जुन्या काळापुरता नाही. ग्रामोफोनच्या जमान्यात तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत, आणि लेबलावरची जागा त्याहूनही कमी. गाणाऱ्याचे नाव आणि नाटकाचे नाव छापले की पुष्कळदा पद रचणाऱ्याला जागा उरत नसे. आज जागेची अडचण नाही. तरीही वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात पाहावी : निर्माता, सूत्रधार, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, संगीत आणि कलाकारांची छायाचित्रे यांच्या गर्दीत ‘गीते’ हा शब्द कित्येकदा गळून पडतो. नाटकातली अभिनेत्रीच पदे किंवा गाणी लिहून देत असेल तर तो हमखास गळतो, कारण ‘ती आपलीच आहे’ या जिव्हाळ्याच्या वाक्यात करारही मोडतो आणि मानधनही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकार यांना महत्त्वाचे संरक्षण मिळाले : त्यांचे काम ध्वनिमुद्रणात वापरले गेले तर पुढील वापराच्या स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) वाटा त्यांना सोडून देता येत नाही, तशी सही घेतली तरी ती टिकत नाही. ही तरतूद किती निर्मात्यांना आणि किती लेखिकांना ठाऊक आहे? परिषदेने निर्माते आणि कलाकार यांच्या संघटनांना बरोबर घेऊन करारनाम्याचा एक साधा, मराठीतला नमुना तयार करावा, आणि त्यात एकाच व्यक्तीची अभिनय, लेखन, गीतरचना व संगीत ही कामे वेगवेगळ्या कलमांत, वेगवेगळ्या मोबदल्यासह लिहिण्याची सोय ठेवावी. एकाच माणसाने चार कामे केली म्हणून ती एका मानधनात बसवणे हा हिशेब कोणत्याही धंद्यात चालत नाही; नाटकात तो कौतुकाने चालतो.

नटीने लिहिलेले नाटक तिच्यामागे टिकत नाही, कारण ते तिच्या अंगावर बेतलेले असते, असा एक आक्षेप जाणकारांकडूनही ऐकायला मिळतो. त्यात तथ्यांश आहे. स्वतःसाठी लिहिताना माणूस स्वतःच्या ताकदीवर विसंबतो आणि शब्दांत जे यायला हवे ते अभिनयावर सोडून देतो. पण सुषमा देशपांडे यांच्या ‘व्हय, मी सावित्रीबाई’चे उदाहरण पाहावे. १९८९ पासून त्या स्वतः लिहिलेला हा एकपात्री प्रयोग करत आल्या. पुढे इतर अभिनेत्रींनीही त्याचे प्रयोग केले. एका बाईच्या देहबोलीतून जन्मलेली संहिता दुसऱ्या बाईच्या हाती गेली आणि उभी राहिली. ती उभी राहू शकली, कारण शब्द उपलब्ध होते आणि लेखिकेने ते पुढे दिले. ‘दामिनी’ला अशी दुसरी संधी मिळालीच नाही, मग ते टिकाऊ नाही असा निकाल आपण कोणत्या आधारावर देतो? कदाचित आज ते वाचल्यावर भाषा जड वाटेल, प्रवेश लांबलेले वाटतील, नायिकेचे बोलणे कृत्रिम वाटेल. वाटू द्यावे. आपण ज्यांना अभिजात म्हणतो त्या पुरुष नाटककारांची सगळीच नाटके आज अंगाला बसतात असे नाही. तरीही ती अभ्यासक्रमात आहेत, ग्रंथालयात आहेत, आणि त्यांच्या दोषांवरही प्रबंध झाले आहेत. दोष काढले जाण्याइतका मान या लेखिकांनाही मिळावा.

दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. भाषणे होतात, नटराजपूजन होते, ज्येष्ठांचा सत्कार होतो. त्या दिवशी परिषदेच्या माटुंग्याच्या नाट्यसंकुलात आणि प्रत्येक शाखेत रंगमंचावरून आलेल्या एका लेखिकेच्या संहितेचे पदांसह अभिवाचन ठेवावे, अशी सूचना आहे. नेपथ्य नको, वेषभूषा नको; चार-पाच वाचक, पेटी आणि तबला एवढे पुरे. सुरुवात ‘दामिनी’पासून करता येईल, कारण तेथे परवानगीचाही प्रश्न नाही. ज्या पदांची चाल सापडली नसेल ती तशीच वाचावीत आणि चाल सापडलेली नाही असे श्रोत्यांना सांगावे. सभागृहात बसलेल्या एखाद्या वृद्ध श्रोत्याला ती आठवण्याची शक्यता आपल्या कल्पनेपेक्षा अधिक असते.

या साऱ्याला खर्च येईल, हे मान्य आहे. मात्र एका संमेलनाच्या मांडवाच्या तुलनेत दोन नाटकांचे साक्षेपी संपादन आणि काही ध्वनिमुद्रणे ही फार मोठी रक्कम नसावी. संपादनासाठी मानधन न घेता काही मजकूर उतरवून देण्याची, मुद्रिते तपासण्याची माझी तयारी आहे. माझ्यासारखे आणखी काही जण मिळतील, याची मला खात्री आहे.

नियामक मंडळाच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, संपादन समिती नेमायची की नाही याचा निर्णय करावा, आणि नकार असल्यास त्याची कारणे इतिवृत्तात नोंदवून ती सभासदांना कळवावीत, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
संगीत नाटकाचा एक वाचक व श्रोता